पाळण्याचे पाचवे कारण

पौषात लग्ने-मुंजी थांबतात, पण यात्रा थांबत नाहीत. संक्रांतीचा तिळगूळ हातावर पडतो न पडतो तोच गावोगावचे रस्ते कुठल्या ना कुठल्या देवस्थानाकडे वळू लागतात. सोलापुरी श्रीसिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते, पालीस खंडोबा आणि म्हाळसा यांच्या विवाहाचा सोहळा होतो, पौर्णिमेस मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या दर्शनास माणसांची रांग लागते. घरातील वडीलधारी माणसे देवदर्शनाचा बेत करतात आणि पोरे दुसराच बेत करतात. देवापुढे हात जोडून झाले, अंगारा कपाळी लागला, की पोरांचे डोळे मंडपाच्या पलीकडे, दिव्यांच्या माळांनी उजळलेल्या त्या अजस्र लोखंडी चक्राकडे लागतात. ‘दर्शन झाले, आता पाळणा’ हे बालमनाचे गणित पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि त्यात गैर काही नाही.

हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. कारण यात्रेतील करमणुकीला नाक मुरडणारा एक वर्ग आपल्याकडे नेहमीच असतो. देवाच्या दारी हा तमाशा कशाला, असे तो विचारतो. आम्हांस ते मान्य नाही. आपली यात्रा ही नुसती उपासना कधीच नव्हती. तिथे कुस्त्यांचे फड रंगले, बैलांचे बाजार भरले, सासुरवाशिणींना माहेरची माणसे भेटली, वर्षाची भांडीकुंडी आणि घोंगड्या खरेदी झाल्या. रहाटपाळणा हाही त्याच गोतावळ्यातील. चार लाकडी पेट्या, मधोमध लाकडी कणा, आणि खाली उभे राहून हातांनी ढकलणारे दोन गडी, एवढाच त्याचा पसारा असे. त्याचा वेग गड्याच्या दंडातील बळापुरता आणि उंची फार तर छपराइतकी. पेटी कुरकुरू लागली तर ती ढकलणाऱ्याच्याच कानाशी कुरकुरे, आणि गडी दमला की पाळणा आपोआप मंदावे.

तो पाळणा गेला. त्याच्या जागी लोखंड आले, मग मोटार आली, मग जनरेटर आला. चार पेट्यांचा पाळणा तीन-चार मजली उंच झाला. चक्राखेरीज लंबकासारखे झोके घेणारी होडी, उंच खांबावरून माणसांसकट खाली सोडली जाणारी बैठक, साखळ्यांना टांगलेल्या खुर्च्या, मृत्युगोल असे प्रकार वाढत गेले. आता यंत्र चालविणारा खाली एका खोक्याजवळ बसतो. वर काय कुरकुरते ते कर्ण्याच्या आवाजात त्याला ऐकू येत नाही. यंत्र बदलले, परंतु त्याकडे पाहण्याची आपली दृष्टी मात्र त्या चार पेट्यांच्या लाकडी पाळण्याच्या काळातच राहिली. त्यावेळी पाहण्यासारखे फारसे काही नव्हते, म्हणून कोणी पाहत नसे. आज पाहण्यासारखे पुष्कळ आहे, आणि तरीही कोणी पाहत नाही.

अपघात घडला म्हणजे आपल्या घरांतून एक उद्गार हमखास निघतो. ‘वेळ आली होती.’ ज्याच्या घरी दु:ख कोसळले त्याच्या मुखी तो शोभतो; त्यावाचून त्या आईबापांनी मनाची समजूत तरी कशी घालावी? परंतु तोच उद्गार पाळण्याचा मालक काढतो, जागा भाड्याने देणारा काढतो आणि परवान्यावर सही करणारा अधिकारीही काढतो, तेव्हा त्यांना थांबवून आपल्याच धर्मग्रंथाची आठवण करून द्यावी लागते. भगवद्‌गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही, पण त्याचा क्रम पाचवा लावला आहे. पहिली चार कारणे तपासल्यावाचून पाचव्याकडे बोट दाखविणे ही श्रद्धा नव्हे, हा हिशेब चुकविण्याचा प्रकार आहे.

या चार कारणांच्या कसोटीवर यात्रेतील पाळणा घासून पाहावा.

अधिष्ठान म्हणजे ज्यावर तो उभा आहे ती जागा. फिरता पाळणा कायमच्या पायावर उभा नसतो. मैदानाची जमीन जराशी सारखी करून, लाकडी ठोकळे मांडून, त्यांवर लोखंडी चौकट टेकवितात आणि जिथे उंचसखल असेल तिथे पाचरी ठोकतात. जमीन कोरडी आणि घट्ट असेल तोवर हे चालते. रात्री पाऊस झाला, शेजारच्या खाद्यपदार्थांच्या दुकानांतील सांडपाणी त्या बाजूस वाहिले, किंवा ठोकळ्याखाली पूर्वीचा बुजविलेला खड्डा निघाला, म्हणजे एक कोपरा बोटभर खचतो. खाली बोटभर खचलेला कोपरा वर शेंड्याला हातभर कलतो, आणि मग प्रत्येक फेऱ्यागणिक सगळा भार कण्याच्या एकाच बाजूस पडू लागतो. हे डोळ्यांना दिसत नाही. ते पाहावयास पाणसळ लावावी लागते, आणि तीही एकदा उभारणीच्या वेळी लावून भागत नाही, रोज सकाळी लावावी लागते.

या पायाचा प्रश्न गुजरातेत ऐरणीवर आला तो फार मोठी किंमत देऊन. २५ मे २०२४ रोजी राजकोट येथे पत्र्याच्या शेडमध्ये चालविलेल्या एका खेळघराला आग लागून २७ माणसे होरपळून मेली. त्यांत मुलेही होती. त्या जागेला अग्निशमन दलाचा दाखला नव्हता. सुटीचा शनिवार, स्वस्त तिकीट, आत इंधनाचा साठा आणि शेजारी चाललेले वेल्डिंगचे काम! या दुर्घटनेनंतर शासन खडबडून जागे झाले आणि त्याच वर्षीच्या जन्माष्टमीला राजकोटच्या प्रसिद्ध लोकमेळ्यातील पाळण्यांना कडक नियम लागू झाले. त्यांत पाळण्याखाली काँक्रीटचा पाया हवा अशी अट होती. पाळणेवाल्यांनी तक्रार केली की चार-पाच दिवसांच्या मेळ्यासाठी काँक्रीट ओतावयाचे आणि मग ते फोडून न्यावयाचे, हे कोणाला परवडणार? त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष ‘म्हणून पाया नको’ असा नसून ‘म्हणून तो पाया मैदानाच्या मालकाने एकदाच घालावा’ असा आहे. वर्षानुवर्षे त्याच मैदानात, त्याच कोपऱ्यात पाळणा उभा राहतो. तेथे पालिकेने अथवा देवस्थानाने एक पक्का चौथरा बांधून ठेवला तर दर वर्षीचा वाद मिटेल. सभामंडपाला संगमरवर घालण्याचा खर्च जिथे निघतो, तिथे एवढ्या चौथऱ्याचा खर्च निघू नये हे संभवत नाही.

करणे म्हणजे साधने. आणि पाळण्याच्या बाबतीत खरी मेख येथेच आहे. लोखंड मजबूत असते ही आपली समजूत. तेही थकते. सळई एकदा वाकविली तर मोडत नाही, पण पुन:पुन्हा इकडून तिकडे वाकवीत राहिले तर एका क्षणी काडीसारखी तुटते, हे कोणत्याही लोहाराच्या दुकानात पाहावयास मिळते. लंबकासारख्या झोके घेणाऱ्या पाळण्यात मुख्य दांड्यावर हेच दिवसभर चालू असते. झोका पुढे गेला की एका अंगाने ताण, मागे आला की दुसऱ्या अंगाने. वेल्डिंगच्या सांध्यापाशी केसाएवढी चीर पडते, ती रंगाखाली झाकली जाते, आणि रोज थोडी थोडी पुढे सरकते. १४ जुलै २०१९ च्या रविवारी संध्याकाळी अहमदाबादेतील कांकरिया तलावाकाठच्या उद्यानात अशाच लंबकाच्या पाळण्याचा मुख्य दांडा मोडला आणि माणसांनी भरलेले चक्र खाली आदळले. दोन जण मेले, २९ जखमी झाले. तो पाळणा यात्रेतला फिरस्ता नव्हता. महानगरपालिकेच्या उद्यानात, ठेकेदारामार्फत, तिकीट लावून चालविलेला होता. कायम ठिकाणच्या पाळण्याची ही गत, तर जो वर्षातून दहा-पंधरा वेळा सुटा होऊन ट्रकवर चढतो, उतरतो आणि पुन्हा जोडला जातो, त्याच्या सांध्यांचे काय होत असेल याची कल्पना करावी.

ही चीर शोधण्याची साधने काही अद्‌भुत नाहीत. सांध्यावर एक रंगीत द्रव लावून, पुसून, वर पांढरी भुकटी मारली की चीर असेल तेथे रंगाची रेघ उमटते. ध्वनिलहरी सोडून आतला दोष शोधता येतो. एखाद्या मध्यम गावातील कारखान्यातही ही कामे करणारी माणसे मिळतात. त्यांस बोलावण्याचा खर्च एका रात्रीच्या तिकीटविक्रीहून अधिक असणार नाही असे आम्हांस वाटते. याहून साधी गोष्ट नट-बोल्टांची. मे २०१८ मध्ये आंध्र प्रदेशातील अनंतपूर येथे आकाशपाळण्याची एक पेटी सुटून खाली आली आणि दहा वर्षांची एक मुलगी प्राणास मुकली. बोल्ट ढिला झाल्याचे चालविणाऱ्याच्या कानावर घातले गेले होते आणि त्याने तिकडे लक्ष दिले नाही, अशी वार्ता तेव्हा आली होती. नट आपोआप सुटू नये म्हणून त्याच्या आरपार जी कॉटर पिन घालतात तिची किंमत काही पैशांची. ती गेली की तिच्या जागी तार पिळतात, तारही नसली तर खिळा वाकवून घालतात.

कर्त्याविषयी लिहिताना लेखणी थोडी मऊ करावी लागते. कळ दाबणारा तो पोरगा बहुधा परप्रांतातून आलेला असतो. पाळण्याखालीच त्याची पथारी. दुपारी चारला तो उभा राहतो तो मध्यरात्र उलटेपर्यंत. जितक्या फेऱ्या तितकी मालकाची मर्जी. म्हणून पेटीचा आडवा दांडा नीट अडकला की नाही हे पाहण्याआधीच त्याचा हात कळीवर जातो. त्याला कोणी शिकविलेले नसते आणि संकटात थांबवावे कसे हेही कोणी सांगितलेले नसते. शिवाय पहिला बळी पुष्कळदा त्याचाच जातो, हे आपण विसरतो. २०१६ च्या मे महिन्यात चेन्नईजवळच्या एका उद्यानात पाळण्याची चाचणी घेताना त्यात तेथीलच कामगारांना बसविले होते. पाळणा कोसळला आणि त्यांतील एक कामगार ठार झाला. वास्तविक चाचणी घ्यावयाची ती वाळूची पोती भरून. पोत्यांऐवजी माणसे बसविणाऱ्यांना त्या माणसांची किंमत पोत्यांहून कमी वाटली असावी काय?

चेष्टा म्हणजे क्रिया, चालविण्याची रीत. येथे फार लिहावयास नको. उलटसुलट बाजूंच्या पेट्या सारख्या भराव्यात, वारा सुटला की थांबवावे, रोज सकाळी रिकामा फिरवून पाहावा, उंचीने लहान मुलास बैठकीत बसवू नये, कारण तिचा दांडा मोठ्यांच्या मापाचा असतो आणि लहानगे त्याच्या खालून निसटते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पंजाबात मोहालीच्या दसरा मैदानावरील जत्रेत खांबावरची बैठक सुमारे ५० फुटांवरून धाडकन खाली आली आणि बसलेली माणसे उसळून बाहेर फेकली गेली. दहाहून अधिक जखमी झाले. जीव गेला नाही. हे मात्र खरोखरच पाचव्या कारणाच्या खात्यावर जमा करावे!

नियम नाहीत असे समजू नये. पाळण्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोची आयएस १५४७५ या क्रमांकाची संहिता आहे. आपल्या राज्यात सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे नियम १९६० पासून आहेत, आणि त्यांत मेळे व तमाशे यांचाही समावेश आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. पूर्वीच्या दंडसंहितेत ती दोन वर्षांपर्यंत होती. पण शिक्षा ही झाल्यानंतरची गोष्ट. यात्रेच्या आदल्या दिवशी घाईघाईने अर्ज येतो, सोबत कुणातरी अभियंत्याचा दाखला असतो, त्याने पाळणा उभारण्यापूर्वी पाहिला की उभारल्यावर, पाहिला की पाहिलाच नाही, हे विचारण्यास कोणास सवड नसते. कारण त्याच टेबलावर दुकाने, ध्वनिक्षेपक आणि वाहनतळ यांचेही कागद पडलेले असतात.

आता देवस्थानांविषयी थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. यात्रेतील जागांचे भाडे हे पुष्कळ ठिकाणी उत्पन्नाचे मोठे साधन असते, आणि त्यातून धर्मशाळा व अन्नछत्रे चालतात हे आम्ही जाणतो. परंतु जागेचा लिलाव बोलीवर जातो. अधिक बोली करणारा ती रक्कम कोठून काढणार? फेऱ्या वाढवून, किंवा दुरुस्ती वाचवून. जास्तीत जास्त भाडे घेणारा विश्वस्त नकळत त्या कॉटर पिनेच्या किमतीचाही भागीदार होतो. प्रशासनाने सुरक्षेचे काही सुचविले की ‘आमच्या परंपरेत ढवळाढवळ नको’ असे म्हणण्याची प्रथाही बरी नव्हे. सोलापूरच्या यात्रेतही काही वर्षांपूर्वी आपत्कालीन रस्त्यावरून असा वाद झाला होता. रुग्णवाहिका जाण्यापुरती वाट मोकळी ठेवल्याने कोणत्याही देवाचा अधिक्षेप होत नाही.

आणि त्याच सोलापूरकडे दुसऱ्या बाजूनेही पाहावे. तेथे सात नंदीध्वज मिरवतात. ती उंच, सजविलेली, जड काठी एकेक मानकरी आपल्या देहावर तोलून धरतो आणि अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेस निघतो. पांढऱ्या बाराबंदीतील भाविकांच्या त्या दाट गर्दीत काठी कलंडली तर काय होईल, हे प्रत्येकास ठाऊक असते. म्हणूनच यात्रेच्या कित्येक आठवडे आधीपासून नंदीध्वज पेलण्याचा सराव चालतो, दमलेल्याच्या जागी ताज्या दमाचा उभा राहतो, नवख्यास जुना जाणता सांभाळून घेतो. तेथे कोणी म्हणत नाही की देवाची काठी आहे, देवच सांभाळील. देवाची आहे म्हणूनच ती अधिक सांभाळावयाची. होम मैदानाच्या एका अंगाला ही शिस्त नांदते. मग कोणत्याही यात्रेच्या दुसऱ्या अंगाला, जिथे लोखंडाच्या काठीवर आपलीच लेकरे टांगलेली असतात, तिथे ती का नसावी?

मांढरदेवीचे स्मरण या दिवसांत टाळता येत नाही. २५ जानेवारी २००५, पौष पौर्णिमा. त्या डोंगरावर सुमारे ३०० भाविक चेंगरून आणि भाजून मृत्यू पावले. तेथे ना पाळणा होता ना वेग. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या चढणीच्या पायऱ्या होत्या, अरुंद वाट होती, आणि दुतर्फा दुकाने, ज्यांना मागाहून आग लागून आतील गॅसच्या टाक्यांचे स्फोट झाले. ‘देवीचा कोप’ हे उत्तर तेव्हाही सोपे होते. परंतु शासनाने न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला आणि चर्चा कोपावरून पायऱ्या, वाटा आणि दुकानांच्या मांडणीवर आली. एवढे बळी गेल्यावर कळलेली ही गोष्ट एका पाणसळीने आणि एका पान्याने आधी कळू शकते.

गृहिणींनी आणि गृहस्थांनीही काही पाहावे. पोराचा हट्ट मोडू नये, पण तिकीट काढण्याआधी एक पूर्ण फेरी खाली उभे राहून पाहावी. पाळणा सुटताना गचका देतो का, थांबताना एकीकडे झुकतो का, पेट्यांचे दांडे कोणी हात लावून तपासतो का, एवढे कोणालाही दिसते. पदर आणि ओढणी खोचून, मोकळे केस बांधून बसावे. काही खटकले तर उतरून यावे. चारचौघांत हसे होईल म्हणून गप्प बसू नये. आणि मागच्या रांगेतील माणसालाही सांगावे.

शासनाकडे आमची एक मागणी आहे. भाड्याने चालणाऱ्या वाहनाला नोंदणी क्रमांक असतो, योग्यतेचा दाखला असतो, आणि तो वाहनाबरोबर गावोगाव जातो. पाळण्याचा परवाना मात्र त्या त्या गावापुरता आणि त्या त्या मुदतीपुरता. यात्रा उठली की कागद कचेरीत राहतो आणि लोखंड पुढे जाते. संक्रांतीचे दारूकाम संपल्यावर दोन दिवसांत ते चक्र सुटे होईल, ट्रकवर चढेल, माघात आणखी कोठे, चैत्रात आणखी कोठे उभे राहील, आणि तेथील अधिकाऱ्यास त्याची मागची दुरुस्ती, मागचा किरकोळ अपघात, बदललेला दांडा, यांतले काहीच ठाऊक नसेल. प्रत्येक पाळण्यास राज्यभर चालणारा एक क्रमांक द्यावा, त्याच्या चौकटीवर तो कोरावा आणि त्याबरोबर एक नोंदवही फिरावी. कोणत्या तारखेस कोणी तपासला, काय आढळले, काय बदलले, हे त्यात सहीनिशी लिहिलेले असावे. त्या वहीचे शेवटचे पान तिकीटखिडकीवर मराठीत लावावे. येत्या चैत्रातील जोतिबाच्या यात्रेपूर्वी एका जिल्ह्यात तरी याचा आरंभ करता येईल. जिल्हाधिकाऱ्यांना त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. परवान्यास अट घालण्याचा अधिकार त्यांच्या हाती आजही आहे.